चौकटीच्या कडेला बसलेली नवरी

माझा धंदा म्हणजे कुठली गोष्ट कुठे ठेवायची ते ठरवणं. जळगावात मी सोनारांच्या दुकानांसाठी दागिन्यांचे फोटो काढते, अधूनमधून ठिबकच्या नळ्या आणि डाळीची पाकिटंही, आणि रविवारी सकाळी भाड्याच्या एका खोलीत फोटोग्राफी शिकवते. कॅमेऱ्याची बटणं कुणीही शिकवील, मी चौकट शिकवते. फळ्यावर दोन उभ्या, दोन आडव्या रेषा मारायच्या, नऊ घरं पाडायची आणि सांगायचं, बाबांनो, मधल्या घरात काही ठेवू नका. मधे ठेवलेली वस्तू मेलेली दिसते, नजर तिथे जाऊन बसते आणि उठतच नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की आता नुसतं आठवलं तरी तोंड कडू होतं.

कारण माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, धुळ्यात तीस वर्षं स्टुडिओ चालवत होते आणि तीस वर्षं त्यांनी माणसाला मधेच बसवलं. स्टुडिओच्या फरशीवर पिवळ्या ऑइलपेंटची एक फुली होती. येईल त्याला त्या फुलीवर उभं करायचं, मग तो पासपोर्टचा फोटो असो की साखरपुड्याचा. घरातल्या सगळ्यांचा फोटो असला की सर्वांत म्हातारं माणूस मधल्या खुर्चीवर आणि दोन्ही बाजूंना सारखी माणसं. एखादा जास्त झाला तर आबा त्याला पुढे सतरंजीवर बसवायचे, पण एका बाजूला झुकू द्यायचे नाहीत. लग्नात तर विचारूच नका. पांढऱ्या सदऱ्यातला नवरा, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे पांढऱ्या पातळातली नवरी, मागे दोन तसबिरी, आणि सगळं असं मोजून की घडी घातली तर नवऱ्यावर नवरी बसावी.

मी नाशकाला दोन वर्षं शिकून आले आणि येताना शहाणपणाची गोणी घेऊन आले. पहिल्याच सुट्टीत आबांचा अल्बम पुढ्यात घेऊन एकेका पानावर बोट ठेवत त्यांना चुका दाखवल्या. ते मांडी घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ज्याना फोटो शे, त्याले मधे बसाडानं. कडेले तं तो रोजच उभा ऱ्हास." आबा घरात अहिराणी बोलतात, मी शाळेपासून शहरी मराठी, आणि दोघांचं असंच चालतं. मी म्हटलं, आबा, हा हिशोब माणसांचा झाला, फोटोचा नाही. ते हसले आणि अल्बम मिटून ठेवला. त्या वाक्यात केवढं काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. कळेल कसं, मी बोलत होते ना.

पुढे जळगावात बस्तान बसलं. आई गेल्यावर आबा धुळ्यात एकटेच राहिले. इकडे या म्हटलं तर नाही म्हणायचे, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. महिन्या-दीड महिन्याने ते एसटीने यायचे, एरंडोलला उतरून चहा प्यायचे, आणि लग्नांच्या फोटोंचं मेमरी कार्ड माझ्या टेबलावर ठेवायचे. अल्बमची पानं मी जुळवून द्यायची, असं आमचं ठरलेलं होतं. म्हणजे त्यांचा प्रत्येक फोटो माझ्या नजरेखालून जायचा. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे कुणी म्हणेल, मुलगी लांब होती, तिला काय कळणार. मी लांब नव्हते. मीच बघत होते.

एका रविवारी ते वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसले. त्या दिवशी माझा विषय होता, चौकट कशी नसावी. मी उदाहरण म्हणून आबांचा एक लग्नाचा फोटो पडद्यावर लावला. कुणाचा ते सांगितलं नाही, एवढी अक्कल होती. पण पोरं हसली, आणि मीही हसले. एकाने तर म्हटलं, मॅडम, हा फोटो आहे की आधार कार्ड. घरी जाताना रिक्षात आबाच म्हणाले, "बरं शिकाडस तू. पोरं ध्यान दीसन आयकतस." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या तर डोक्यालाही नव्हतं.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी त्यांचा फोन आला. नेहमीसारखं भाजी काय केली, दादर ज्वारीच्या भाकरी मिळतात का तिकडे, हे झालं, आणि मग म्हणाले, "एक इचारू का व? कॅमेरामा दारनी चौकट वाकडी दिखस. सरळ रेघ मधेच वाकी जास."

आता बघा. कुठल्याही घरातल्या मुलीला वडील असं म्हणाले असते, सरळ रेषा वाकडी दिसते, तर ती काय म्हणाली असती? आबा, डोळे दाखवा. धुळ्यात डोळ्यांचे डॉक्टर काय कमी आहेत? पण मी पडले शिकलेली. मला ठाऊक होतं की रुंद लेन्सने सरळ रेषा वाकते, दाराच्या चौकटी फुगतात, खांब झुकतात. मी वर्गात यावर पाऊण तास बोलते. मी म्हटलं, "अहो आबा, ती लेन्स किती जुनी झाली. तिच्याने रेषा वाकतातच." आणि लगेच एक नवी लेन्स मागवून त्यांना पाठवून दिली. त्या दिवशी मला स्वतःचा काय अभिमान वाटला होता. लेक असावी तर अशी.

आठवड्याने मीच फोन केला. "बसवली का लेन्स? आता दिसते सरळ?"

"हा. आते सरळ शे."

माझा विश्वास बसला. मला बसवायचाच होता.

पुढच्या खेपेला आबांनी जे कार्ड आणलं त्यात तो फोटो होता. सोनगीरच्या पलीकडच्या एका गावातलं लग्न. बाकीचे फोटो नेहमीचेच, पण मधेच एक असा आला की माझा हात थांबला. निळीने रंगवलेली मोठी भिंत. एवढी मोठी की जवळजवळ सगळी चौकट तिनेच भरलेली. आणि डावीकडे अगदी काठाला, आणखी दोन बोटं सरकली असती तर कापली गेली असती अशी, पत्र्याच्या पेटीवर बसलेली नवरी. पांढरं पातळ, मांडीवर हात, आणि तोंड चौकटीच्या बाहेर वळलेलं.

नियम असा आहे की माणूस ज्या बाजूला बघतो त्या बाजूला जागा सोडायची. इथे उलटं होतं. पुढे जागाच नव्हती, सगळी मोकळी जागा तिच्या पाठीमागे होती. मी त्याचा अर्थ लावला, आणि अर्थ लावण्यात मी पटाईत. ही पोरगी चौकटीतून निघून चाललीय, आणि मागे उरलंय ते तिचं माहेर, एक आख्खी निळी भिंत. आबा पलंगावर आडवे झाले होते. मी त्यांना हलवून उठवलं.

"आबा, हा तुम्ही काढला?"

ते उठून बसले, स्क्रीनकडे वळले, आणि मान थोडी कलती करून बघत राहिले. मला वाटलं, संकोचलेत. "मीच काढा. का व, बिघडना का?"

"बिघडला? आबा, हा फोटो वर्गात लावणार आहे मी. मोठा करून. तुमच्या नावाने." आणि मग मी ते वाक्य म्हटलं. "शेवटी झालात तुम्ही फोटोग्राफर."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला आजही तो डोळ्यांपुढून हलवता येत नाही. साठी ओलांडलेला माणूस, आणि शाळेत पहिला नंबर आल्यासारखा बसलेला. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि विचारलं, चहा करतेस का.

फोटो दारासमोरच्या भिंतीवर लागला. दर रविवारी मी त्याच्यासमोर उभी राहून सांगायची की नियम कसा मोडावा, पण मोडण्यामागे विचार हवा. आबा आले की शेवटच्या बाकावर बसून ऐकायचे. आणि त्यानंतरच्या प्रत्येक कार्डात तसे फोटो येऊ लागले. नवरदेव उजव्या कोपऱ्यात. आजी खालच्या काठाला, वर सगळा मांडव. दोन बहिणी चौकटीच्या दोन टोकांना आणि मधे नुसता पडदा. प्रत्येक वेळी मी वा वा करायची. काही फोटो कुचकामी होते, हेही खरं. कुठे डोकं अर्धं कापलेलं, कुठे फोकस भलतीकडे. ते मी वगळून टाकायची आणि त्यांना सांगायचीही नाही. नव्या वाटेवर माणूस ठेचकाळणारच, अशी मीच माझी समजूत घातली.

मग गिऱ्हाइकं बिथरायला लागली. नरडाण्याच्या बाजूच्या एका घरातून अल्बम परत आला. त्या घरातल्या आजींना सगळे अक्का म्हणायचे. अल्बम मी जुळवलेला, म्हणून त्यांनी माझाच नंबर मिळवला आणि थेट मला फोन लावला. म्हणाल्या, "मना नातूनं लगीन, आन नातू कोपराले? मधे कोन शे तं मांडवना बांबू. फोटोवाल्याले दिखस नही का व बाई?"

मी त्यांना पंधरा मिनिटं सुनावलं. कला काय असते, मोकळी जागा काय बोलते, जुन्या पद्धती सोडायला हव्यात, सगळं. अक्का ऐकून घेत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "तुनं बठ्ठं खरं असी. पन मी जे पाहिलं ते सांगस." आणि फोन ठेवला. मी आबांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं की तुमच्या वतीने भांडले. आबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "फारच कोपराले गया व्हता का तो?" मी म्हटलं, तुम्ही लक्ष देऊ नका, अडाणी लोक. अडाणी कोण होतं ते आता सांगायला नको. निरक्षर म्हातारीला एका नजरेत दिसलं, आणि नजर शिकवण्याचा जिचा धंदा तिला वर्षभर दिसलं नाही.

दिवाळीच्या आधी दुकानांची कामं अंगावर येतात. त्या दिवसांत आबा आठवडाभर राहायला आले होते. मी एका नाकातल्या चमकीचा फोटो काढला होता. एवढीशी चमकी, ज्वारीच्या दाण्याहून लहान. काळ्या मखमलीवर ठेवलेली, आणि या एकदा मी माझाच नियम मोडून ती बरोबर मधोमध घेतली होती. चारही बाजूंना काळोख आणि मधे तेवढा एक ठिपका. आबांच्या पद्धतीचा फोटो होता तो. म्हणूनच मला त्यांना दाखवायचा होता. मनात होतं, आज म्हणेन, बघा आबा, तुमचंही काही खोटं नव्हतं.

मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा पुसून घातला आणि बराच वेळ बघितलं. मग माझ्याच शब्दांत म्हणाले, "मोकळी जागा भलती चांगली सोडी तू. मधे काहीच ठेवं नही. हाऊ खरा फोटो."

मला वाटलं थट्टा करतात. मी म्हटलं, "आबा, मधे काय आहे सांगा बरं."

त्यांनी मान हळूच एका बाजूला कलती केली, जशी त्या नवरीच्या फोटोच्या वेळी केली होती. मग दुसऱ्या बाजूला. स्क्रीनवर काहीतरी शोधत होते ते, आणि मला कळू नये म्हणून सावकाश शोधत होते. मग म्हणाले, "उजेड थोडा कमी शे आठे."

दुपारचे बारा वाजले होते. खिडकी उघडी होती.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्या हातात एक कागद दिला. त्यावर चौकोनांची जाळी आणि मधे एक काळा ठिपका. एक डोळा झाका आणि सांगा काय दिसतं. आबा म्हणाले, कडेच्या रेघा दिसतात, मधे जवळ आल्या की वाकतात, आणि मधे काही नाही. ठिपका? ठिपका नाही. डावा डोळा झाकून तसं, उजवा झाकून थोडं बरं पण तसंच. मी शेजारी उभी राहून त्या जाळीकडे बघत होते. दर रविवारी मी फळ्यावर तीच तर काढते, फक्त घरं कमी असतात.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा जो नेमका मधला भाग, ज्याने आपण चेहरे ओळखतो, अक्षर वाचतो, तिथे रक्त झिरपलं होतं. उजव्यात आता वण धरलाय, तिथे काही होणार नाही. डाव्यात इंजेक्शनं देऊन बघू. कडेचं दिसत राहील, पूर्ण अंधार होणार नाही. "सरळ रेषा वाकडी दिसायला लागली की लगेच यायचं असतं," ते म्हणाले. "दोन-चार आठवड्यांत आला असतात तर उजवा बराच वाचला असता. कधीपासून होतंय असं?"

आबा पटकन म्हणाले, "थोडाच दिन झायात."

मी म्हटलं, "सव्वा वर्ष."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं का, असं त्यांनी आबांना विचारलं. आबांनी नाही म्हणून मान हलवली. माझ्यासमोर, मला वाचवायला, ते डॉक्टरांशी खोटं बोलले. मी तिथे तोंड उघडायला हवं होतं की मला सांगितलं होतं, मी लेन्स पाठवली. नाही उघडलं. लाज वाटली. आज लिहिताना वाटते तेवढीच वाटली.

डाव्या डोळ्यात इंजेक्शनं झाली. दोन-तीन महिने बरं वाटलं, मग तोही मधून पुसत गेला. स्टुडिओचं शटर आबांनी स्वतःच ओढलं.

मी त्या दिवसांत एक काम केलं, करायला नको होतं. त्यांची सव्वा वर्षाची सगळी कार्डं काढली आणि फोटो तारखेप्रमाणे एकामागे एक लावले. मी कलेची वाढ म्हणून बघत होते ते आता उघड उघड दिसत होतं. सुरुवातीला माणूस मधे. मग जरासा बाजूला. मग आणखी. आठवड्या-आठवड्याने चेहरा मधून निघून काठाकडे सरकत होता, कारण कॅमेऱ्याला लावायचे त्या उजव्या डोळ्यासमोरचा डाग मोठा होत चालला होता आणि आबा माणसाला त्या डागाच्या बाहेर, दिसेल तिथे, ठेवत होते. जे फोटो मी वगळले होते तेही परत लावले. त्यांत तर न शिकलेल्यालाही कळलं असतं. मी ढसाढसा रडले. मग वर्गात गेले आणि भिंतीवरचा नवरीचा फोटो काढून, कापडात गुंडाळून, माळ्यावर टाकला. मला तो बघवत नव्हता. दर रविवारी मी त्याच्याचसमोर उभी राहून माझ्या बापाचं आंधळं होणं पोरांना शिकवलं होतं.

आबांना मी सांगितलं नाही. दिसत नाही तर कळणार कसं, असा त्यात हिशोब होता. किती हलकट हिशोब.

मग एका रविवारी ते म्हणाले, वर्गात येतो. वर्ग सुटल्यावर मी वायरी गुंडाळत होते. आबा बाकांना हात लावत दारासमोरच्या भिंतीपाशी गेले आणि तिच्यावरून तळहात फिरवला. वरून खाली, मग आडवा. त्यांच्या बोटांना खिळा लागला. बराच वेळ त्यांनी बोट तिथेच ठेवलं.

"फोटो कोठे गया व?"

मी म्हटलं, काच फुटली होती, बसवायला दिलीय. ते वळले. आता माझ्याकडे बघायचं तर त्यांना माझ्यावरून नजर काढून बाजूला न्यावी लागते, तेव्हा कुठे काठाला माझा चेहरा येतो. नवख्याला वाटतं, म्हातारा रागावलाय, तोंड फिरवून बोलतोय. तसे बाजूला बघत ते म्हणाले, "डोळा गया म्हनीसन तो फोटो भी गया का?"

मी खाली बसले. म्हटलं, आबा, तो फोटो चूक होता. तुम्हाला दिसत नव्हतं म्हणून तसा आला, आणि मी मूर्खासारखी त्यालाच विचार समजले.

"चूक कशी?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ती पोर मधे दिखे ना. मंग मी कॅमेरा फिराया, आजून फिराया, आन जठे ती दिखनी तठे थांबनू. मीच तठे ठेवी तिले. माले ठाऊक व्हतं मी काय करी ऱ्हायनू." मग म्हणाले, "तू यालेच ते म्हनस ना, वर्गमा? कोनले कोठे ठेवानं ते?"

दहा वर्षं शिकवते आहे, पण इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नाही.

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलंत? लेन्स बसवल्यावर कळलं होतं ना, की लेन्सचं नाही?"

"कळं व्हतं."

"मग?"

ते बाकावर बसले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगताहेत असं बोलले. "सांगतू तं तू माले दवाखानामा लई जाती. कॅमेरा काढी लेती. आन मंग ते फोटो बंद व्हतात." पुढचं त्यांनी माझ्या नजरेला नजर देऊन म्हटलं, म्हणजे त्यांना तेव्हा मी दिसत नव्हते. "तीस वरीस मी फोटो काढात, बेटा. तू एकबी हातमा लीसन नीट पाह्या नही. त्या नवरीना फोटोनंतर तू पाहाले लागनी."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि ते माझ्या केसांवरून हात फिरवत राहिले, आणि मला एकच कळत होतं की माझ्या एका शाबासकीसाठी या माणसाने डोळा दिला, आणि ती शाबासकी मी तीस वर्षांत कधीही, फुकट, देऊ शकले असते.

आता आबा जळगावात माझ्याकडेच असतात. स्टुडिओ रिकामा केला तेव्हा सहा पेट्या भरून जुने फोटो निघाले, गिऱ्हाइकांनी न नेलेल्या जास्तीच्या प्रती. संध्याकाळी मी एकेक हातात घेऊन त्यांना वर्णन करून सांगते. खरंच नीट बघते. आणि लिहायला संकोच वाटत नाही, ते फोटो चांगले आहेत. पिवळ्या फुलीवर उभी असलेली एक मोलकरीण, पायात चप्पल नाही, पण चौकटीच्या बरोबर मधे, ताठ, आणि दोन्ही बाजूंना तिच्यासाठी सारखी जागा. दुसऱ्या कुणीच तिच्यासाठी अशी जागा सोडली नसेल. एक हमाल. एक पिंजारी, आपली धनुकली घेऊन. सगळे मधोमध. कडेले तं तो रोजच उभा ऱ्हास, हे आबांचं म्हणणं मी त्या वेळी ऐकलं होतं. आता ते मला दिसतं.

परवा त्या मोलकरणीचा फोटो हातात घेऊन मी म्हटलं, "आबा, मी आयुष्यात काढलेल्या कुठल्याही फोटोपेक्षा हा चांगला आहे."

ते खिडकीकडे तोंड करून बसले होते, म्हणजे माझ्याकडेच बघत होते. प्रेमाने हसले आणि माझ्या हातावर थोपटलं.

"राहू दे, बेटा," ते म्हणाले. "आते तू बठ्ठास्लेच चांगलं म्हनशी."

सगळ्यांना नाही, यालाच म्हणते, असं मी पुन्हा सांगितलं, शपथ घेऊन सांगितलं. त्यांनी मान डोलावली, आणि मला दिसलं की त्यांना ते पटलेलं नाही.